विश्लेषण : विक्रेता एक रुपयाही सोडत नसेल तर घराची बोलणी कशी करायची?

फ्लॅट पसंत पडतो. हवा-उजेड चांगला, मुलांची शाळा जवळ, सोसायटीत टँकर मागवावा लागत नाही. मग किमतीचा विषय निघतो आणि पहिल्याच बैठकीत उत्तर मिळते, ‘पंच्याऐंशी सांगितले म्हणजे पंच्याऐंशी. यात काही कमी होणार नाही.’ बिल्डरच्या नव्या प्रकल्पात सणासुदीच्या सवलती तरी असतात. रीसेलच्या घरात समोर एक कुटुंब असते आणि त्याने मनाशी धरलेला एक आकडा असतो. अशा वेळी काही खरेदीदार हिरमुसून उठतात, तर काही घर हातचे जाईल या धास्तीने मुकाट्याने होकार देतात. हिशेब मात्र दोघांचाही राहून जातो. विक्रेत्याचा नकार नेमका कशासाठी आहे, सांगितलेली किंमत किती खरी आहे आणि आकडा न हलवताही व्यवहार परवडण्याजोगा करता येतो का, याचे हे विश्लेषण.

विक्रेता अडून का बसतो?

‘किंमत कमी होणार नाही’ या एकाच वाक्यामागे वेगवेगळी कारणे असू शकतात. विक्रेत्यावर गृहकर्ज बाकी असेल आणि ते फेडून उरलेल्या रकमेत त्याला पुढचे घर घ्यायचे असेल, तर त्याचा आकडा गरजेतून आलेला असतो. घर वडिलोपार्जित असेल आणि तीन भावंडांची नावे असतील, तर किंमत घरच्या बैठकीत ठरलेली असते. बोलणी करणाऱ्या एकाला ती परस्पर कमी करता येत नाही. शेजारच्या इमारतीतील फ्लॅट ‘नव्वदला गेला’ असे कोणीतरी सांगितलेले असते आणि तोच आकडा डोक्यात बसलेला असतो. जुन्या इमारतीत पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली, की उद्या मिळणाऱ्या वाढीव क्षेत्रफळाची किंमत विक्रेता आजच मागतो. काहींना तर विकायची घाईच नसते. बाजारात काय भाव येतो, एवढेच त्यांना पाहायचे असते.

या प्रत्येक कारणावरचा उपाय निराळा आहे. कर्ज फेडायचे असलेल्याला वेळेवर मिळणाऱ्या पैशाचे महत्त्व जास्त. भावंडांच्या घरात प्रस्ताव तिघांनाही वाचता येईल असा लेखी द्यावा लागतो. ऐकीव भावावर विसंबलेल्याला नोंदणीचे आकडे दाखवता येतात. घाई नसलेल्याशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो, तिथे थांबणे किंवा दुसरे घर पाहणे हेच बरे. म्हणून आकड्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. घर कधीपासून विकायला काढले आहे? तुम्ही पुढे कुठे राहायला जाणार? कर्ज बाकी आहे का? नावे कोणाकोणाची आहेत? उत्तरे देताना विक्रेता मोकळा होतो आणि अडचण नेमकी कुठे आहे ते कळते.

सांगितलेली किंमत खरी की फुगवलेली?

घरांच्या संकेतस्थळांवर दिसतात त्या मागितलेल्या किमती. व्यवहार कितीला झाला, हे तिथे कळत नाही. ते कळते दस्तनोंदणीतून. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ ही सुविधा आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक यांसारखा मिळकतीचा क्रमांक टाकला, की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे बोलीभाषेतला ‘इंडेक्स टू’, पाहता येतो. त्यात व्यवहाराचा मोबदला, सरकारी बाजारभाव, क्षेत्रफळ, नोंदणीची तारीख आणि भरलेले मुद्रांक शुल्क हे सगळे असते.

त्याच इमारतीतील किंवा शेजारच्या इमारतीतील गेल्या वर्ष-दीड वर्षातले तीन-चार व्यवहार काढले तरी चित्र बरेच स्पष्ट होते. तुलना करताना क्षेत्रफळ चटई आहे की बांधीव, हे आधी पाहावे. इथेच सर्वाधिक गफलत होते. मजला, लिफ्ट, पार्किंग आणि इमारतीचे वय यांमुळे पडणारा फरकही धरावा. नोंदलेली किंमत प्रत्येक वेळी पूर्ण किंमत असेलच असे नाही, कारण काही व्यवहारांत रोखीचा भाग लपवलेला असतो. म्हणून एकाच दस्तावर निष्कर्ष काढू नये.

या तपासणीतून कधी कधी उलटेही कळते. शेजारचे फ्लॅट खरोखरच ८४-८५ लाखांना गेलेले असतात. मग विक्रेता अडून बसलेला नसतो, त्याने रास्त भाव सांगितलेला असतो. त्या वेळी ७५ लाखांचा आग्रह धरणे म्हणजे चांगले घर दुसऱ्याच्या हाती देणे.

रेडी रेकनरचा घासाघिशीशी काय संबंध?

शासन दरवर्षी भागनिहाय जमीन-इमारतींचे दर ठरवते. त्याचे नाव वार्षिक मूल्य दर तक्ता, लोकांच्या तोंडी रेडी रेकनर. सलग दोन वर्षे दर कायम ठेवल्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून राज्यात त्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ करण्यात आली. मुद्रांक शुल्क आकारताना कराराची किंमत आणि रेडी रेकनरनुसार येणारे मूल्य, यांपैकी जे जास्त ते धरले जाते. त्यामुळे रेकनरच्या खाली घासाघीस करून किंमत उतरवली तरी मुद्रांक शुल्कात बचत होत नाही.

प्राप्तिकराचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य कराराच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर दोघांनाही फटका बसतो. विक्रेत्याचा भांडवली नफा रेकनरच्या मूल्यावरून मोजला जातो आणि खरेदीदाराच्या उत्पन्नात फरकाची रक्कम धरली जाते. समजा, एका फ्लॅटचे रेकनर मूल्य ८० लाख आहे. तो ७३ लाखांना घेतला तर १० टक्क्यांची सूट पुरते, कारण ७३ लाखांचे ११० टक्के ८० लाख ३० हजार होतात. तोच ७० लाखांना घेतला तर मर्यादा ७७ लाखांपर्यंतच जाते आणि १० लाखांचा सगळा फरक खरेदीदाराचे उत्पन्न ठरतो. स्वस्तात घर मिळाल्याच्या आनंदात कराची नोटीस येऊ शकते.

म्हणून प्रस्ताव देण्याआधी त्या फ्लॅटचे रेकनर मूल्य काढून घ्यावे. इमारत जुनी असेल तर वयानुसार घसारा मिळतो, तोही धरावा. विक्रेत्याने सांगितलेली किंमत रेकनरच्या जवळपासच असेल, तर त्याच्याकडे खाली यायला फारशी जागा नाही, हे समजून घ्यावे.

८५ लाखांचे घर कितीला पडते?

बोलणी घराच्या किमतीवर होतात, पैसे मात्र एकूण खर्चाचे द्यावे लागतात. पुणे शहरात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के आहे, मुंबईत ६ टक्के. नोंदणी शुल्क एक टक्का, पण कमाल ३० हजार रुपये. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतरणासाठी जास्तीत जास्त २५ हजार रुपये अधिमूल्य घेता येते.

पुण्यातील ८५ लाखांच्या फ्लॅटचा हिशेब असा :

मुद्रांक शुल्क : ५ लाख ९५ हजार
नोंदणी शुल्क : ३० हजार
मध्यस्थाचे एक टक्का कमिशन : ८५ हजार
सोसायटीचे हस्तांतरण : २५ हजार
एकूण : ९२ लाख ३५ हजार

वकील, कर्जाची प्रक्रिया, रंगकाम आणि सामान हलवणे हे यात धरलेले नाही. आता उलटा हिशेब करावा. कुटुंबाची एकूण मर्यादा ९० लाख असेल, तर याच दरांनी घराची किंमत सुमारे ८२ लाख ८० हजारांच्या वर जाता कामा नये. हा आकडा बोलणीला बसण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावा आणि घरातल्या सर्वांनी तो मान्य केलेला असावा. समोरच्या खुर्चीत बसल्यावर ‘एवढे दिले तर आणखी दोन लाखांचे काय’ असे वाटू लागते. पुढे हप्त्यांत जाच होतो तो याच दोन लाखांचा.

त्याचाही आकडा पाहावा. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर एक लाखाच्या कर्जाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो. २० वर्षांत त्या एका लाखाचे २ लाख ८ हजार फेडले जातात. बोलणीत वाचवलेले तीन लाख म्हणजे महिन्याला सुमारे २,६०० रुपये आणि पूर्ण मुदतीत सव्वासहा लाख. घासाघीस करणे कंजूषपणाचे नाही, हे सांगायला एवढा हिशेब पुरे.

बँकेचे मूल्यांकन कमी आले तर?

हा मुद्दा शेवटी कळतो आणि सर्वाधिक त्रास देतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. १० लाखांपेक्षा महाग घरांमध्ये मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. शिवाय बँका सहसा कराराची किंमत आणि त्यांच्या मूल्यांकनकाराने ठरवलेली किंमत, यांपैकी कमी असेल ती धरतात.

८५ लाखांवर ८० टक्के म्हणजे ६८ लाख कर्ज मिळेल, असे गृहीत धरून खरेदीदार होकार देतो. मूल्यांकन ७८ लाखांचे आले तर कर्ज ६२ लाख ४० हजारच मिळते. मधले ५ लाख ६० हजार खिशातून घालावे लागतात. स्वतःची रक्कम इतर खर्चासह २४ लाख ३५ हजारांवरून २९ लाख ९५ हजारांवर जाते. ऐनवेळी ही भर घालायला वैयक्तिक कर्ज किंवा दागिने उरतात.

विसार देण्यापूर्वी बँकेकडून स्वतःच्या पात्रतेचे पत्र आणि शक्य असल्यास त्या फ्लॅटच्या मूल्यांकनाचा अंदाज घ्यावा. त्याचा दुहेरी उपयोग होतो. आपली ताकद कळते, आणि विक्रेत्यासमोर तिसऱ्या पक्षाचा आकडा ठेवता येतो. ‘काका, घर मला पसंत आहे. पण बँक त्याला अठ्ठ्याहत्तर धरते आहे. वरची सगळी रक्कम मला रोकड उभी करावी लागेल,’ या बोलण्यात विक्रेत्याच्या घराला नावे ठेवलेली नसतात. अडचण मात्र स्पष्ट मांडलेली असते.

पहिला प्रस्ताव कसा द्यावा?

८५ लाखांच्या घराला ६५ लाख म्हटले, की बोलणी तिथेच संपते. अनेकांसाठी राहते घर म्हणजे आयुष्याची कमाई असते. अवाच्या सवा कमी आकडा त्यांना अपमानासारखा वाटतो आणि मग पुढचा रास्त प्रस्तावही ते ऐकत नाहीत. घराचे दोष मोजून दाखवण्याचाही परिणाम तसाच होतो. ‘तुमचे स्वयंपाकघर जुनाट आहे’ म्हणण्यापेक्षा ‘ओट्याचे आणि नळांचे काम करावे लागेल, त्याचे अंदाजपत्रक एवढे आले’ असे म्हणणे जास्त उपयोगी पडते.

प्रस्तावात चार गोष्टी असाव्यात : आकडा, त्यामागचे कारण, पैसे देण्याचे वेळापत्रक आणि प्रस्तावाची मुदत. तो व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने लिहून पाठवावा. ‘आपल्या इमारतीतील नोंदणी झालेले व्यवहार आणि बँकेचे मूल्यांकन पाहून आम्ही ७८ लाख देऊ शकतो. कर्जाची पूर्वमंजुरी आहे. करारनामा १५ दिवसांत आणि उर्वरित रक्कम ४५ दिवसांत. हा प्रस्ताव महिनाअखेरपर्यंत आहे,’ असा मजकूर घरच्या बैठकीत जसाच्या तसा वाचता येतो. तोंडी निरोपाचे तसे होत नाही, तो प्रत्येक माणसागणिक बदलतो.

विक्रेत्याने उत्तर दिलेले नसताना स्वतःचाच आकडा वाढवण्याची चूक अनेक जण करतात. ७८ दिले, शांतता पसरली, लगेच ८० म्हटले, पुन्हा शांतता, मग ८२. विक्रेत्याला यातून एकच गोष्ट कळते, गप्प बसले की किंमत वाढते. प्रत्येक वाढीच्या बदल्यात काहीतरी मागावे आणि वाढीचे टप्पे लहान होत जावेत. ७८ नंतर ८०, मग ८१. टप्पे लहान झाले की मर्यादा जवळ आल्याचे न बोलता कळते.

आकडा हलत नसेल तर काय मागावे?

किंमत हा व्यवहाराचा एक भाग आहे. विक्रेत्याला ‘पंच्याऐंशी’ हा आकडा जपायचा असेल, तर तो तसाच ठेवून बाकीच्या बाबी बदलता येतात. सोसायटीचे हस्तांतरण शुल्क कोणी भरायचे, हे दोघांच्या संमतीने ठरते. ते विक्रेत्याने भरावे असे म्हणता येते. देखभालीची आणि मालमत्ता कराची सगळी थकबाकी ताब्याआधी त्याने फेडावी. सोसायटीने इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी ठरवली असेल, तर तिचा भार कोणावर, हेही बोलून घ्यावे. भिंतीतील ओल किंवा बाथरूमची गळती विक्रेत्याने काढून द्यावी. बसवलेली कपाटे, एसी आणि पाणी तापवण्याचा गीझर जागेवरच राहू द्यावा. नव्याने करायला गेले तर एवढ्यालाच लाख-दीड लाख सहज लागतात. विक्रेत्यासाठी मात्र त्या काढून नेण्याच्या वस्तू नसतात.

वेळ हे दुसरे चलन. ज्याला कर्ज फेडायचे आहे किंवा नव्या घराचे हप्ते भरायचे आहेत, त्याला ९० ऐवजी ४५ दिवसांत मिळणारे पैसे मोलाचे वाटतात. याउलट विक्रेत्याचे पुढचे घर तयार नसेल, तर त्याला नोंदणीनंतरही दोन-तीन महिने राहू देण्याची तयारी दाखवता येते. पण ती सवलत फुकट देऊ नये. त्या काळात खरेदीदार स्वतःचे भाडे आणि हप्ता दोन्ही भरत असतो. २४ हजार भाडे धरले तरी तीन महिन्यांचे ७२ हजार होतात, तेवढे तरी किमतीत दिसले पाहिजेत. अशा मुक्कामासाठी नोंदणीकृत भाडेकरार करावा आणि काही रक्कम ताबा मिळेपर्यंत राखून ठेवावी. नुसत्या शब्दावर राहू नये.

एक बचत अशी आहे जिच्यासाठी विक्रेत्याकडे काही मागावेच लागत नाही. महाराष्ट्रात निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. राजमाता जिजाऊ गृहस्वामिनी योजनेत १ एप्रिल २०२१ पासून ही सवलत लागू आहे. ८५ लाखांवर ८५ हजार वाचतात. वरच्या उदाहरणातली ८२ लाख ८० हजारांची मर्यादा या एका निर्णयाने साडेत्र्याऐंशी लाखांपर्यंत जाते. मात्र सहमालक म्हणून पुरुषाचे नाव घातले तर सवलत जाते. त्यामुळे कर्जदार कोण, मालक कोण याबाबत बँकेशी आधीच बोलून घ्यावे.

मध्यस्थ कोणाच्या बाजूचा?

रीसेलच्या व्यवहारात एकच मध्यस्थ दोन्हीकडून कमिशन घेतो, असे सर्रास घडते. किंमत तीन लाखांनी उतरली तर एक टक्का दराने त्याचे एका बाजूचे नुकसान तीन हजारांचे होते. व्यवहारच फिसकटला तर संपूर्ण कमिशन जाते. म्हणजे त्याचे हित व्यवहार होण्यात आहे, किंमत कमी किंवा जास्त होण्यात फारसे नाही. त्यामुळे ‘आणखी एक पार्टी तयार आहे, उद्या टोकन देणार’ हा निरोप आला की गडबडून जाऊ नये. आपली कमाल मर्यादाही त्याला सांगू नये, ती समोर पोहोचायला वेळ लागत नाही. त्याच्याकडून घ्यावी ती माहिती. घर किती दिवस पडून आहे, आधी कोणते प्रस्ताव आले, ते का मोडले?

किमतीवर अडल्यावर शक्य असेल तर विक्रेत्याशी एकदा समोरासमोर बसावे. निरोपांमधून कठोर वाटणारा माणूस चहाच्या कपावर बराच समजूतदार निघतो.

‘थोडे रोखीत द्या’ हा तोडगा का नाही?

बोलणी ताणली की हा प्रस्ताव येतो. ८५ लाखच, पण करार ७० चा करू, १५ रोख. मुद्रांक शुल्कात लाखभर वाचतात, हे त्याचे आकर्षण. प्रत्यक्षात स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो.

खरेदीदाराचे नुकसान वेगळेच. करार ७० लाखांचा दिसतो, म्हणून बँकेचे कर्ज ५६ लाखांवर येते. रेकनर मूल्य जास्त असेल तर मुद्रांक शुल्कातही काही वाचत नाही. उद्या हेच घर विकताना खरेदीची किंमत ७० लाखच धरली जाते. लपवलेल्या १५ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी १ लाख ८७ हजार ५०० रुपये कर त्यालाच भरावा लागतो. मध्येच व्यवहार मोडला, तर दिलेल्या रोकडीचा पुरावा नसतो. दुसऱ्याचा कर वाचवण्यासाठी ही जोखीम घेण्याचे कारण नाही.

विसार देताना काय लिहून घ्यावे?

किंमत ठरल्यावर उत्साहाच्या भरात टोकन दिले जाते आणि अटी नंतर आठवतात. विसाराची रक्कम लहान असावी, ती चेकने किंवा ऑनलाइन द्यावी. विसारपावतीत ठरलेली एकूण किंमत, घरासोबत राहणाऱ्या वस्तू, थकबाकी कोणाची, करारनाम्याची आणि ताब्याची तारीख हे लिहावे. बँकेने कर्ज नाकारले किंवा मालकीच्या कागदपत्रांत दोष निघाला, तर विसार किती दिवसांत परत, ही ओळ सर्वांत महत्त्वाची. सर्व सहमालकांच्या सह्या घ्याव्यात. एका भावाने घेतलेला विसार दुसऱ्याला मान्य नसतो, असे वाद नवे नाहीत.

मूळ करारनाम्यांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र वकिलाला दाखवावे. यातला एखादा कागद नसेल तर तो मिळवण्याचा खर्च आणि वेळ हा किंमत कमी करण्याचा सर्वांत रास्त मुद्दा ठरतो. कागदच संशयास्पद असतील तर मात्र कितीही सूट मिळाली तरी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आधीच बोलावी. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर निवासी भारतीय विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो. ८५ लाखांवर ते ८५ हजार होतात. हा वाढीव खर्च नाही, विक्रेत्याच्या करात तो वजा होतो. पण आधी न सांगितल्यास ‘पैसे कमी दिले’ म्हणून शेवटच्या दिवशी वाद होतो. विक्रेता परदेशस्थ असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि दर जास्त असतात.

पूर्ण किंमत कधी द्यावी आणि कधी उठावे?

नोंदणीचे आकडे सांगितलेल्या किमतीला दुजोरा देत असतील, कागद स्वच्छ असतील, एकूण खर्च ठरवलेल्या मर्यादेत बसत असेल आणि तिथे दहा-पंधरा वर्षे राहायचे असेल, तर केवळ ‘थोडे तरी उतरवले’ या समाधानासाठी घर सोडू नये. थांबण्यालाही किंमत आहे. २४ हजार भाड्याने सहा महिने म्हणजे १ लाख ४४ हजार जातात.

उलट, स्वतःची रक्कम भरण्यासाठी वैयक्तिक कर्ज घ्यावे लागत असेल, बँकेचे मूल्यांकन बरेच खाली असेल किंवा होकार दिल्यावर विक्रेता आकडा वाढवत असेल, तर उठावे. उठताना दार लोटून यावे, आपटून नाही. ‘घर आवडले, पण आमची झेप एवढीच आहे. विचार बदलला तर नक्की कळवा,’ एवढा निरोप पुरतो. महिन्याभराने एक साधा फोन करावा. दरम्यान घर विकले गेलेले नसेल, तर रिकाम्या फ्लॅटची देखभाल आणि बुडालेले भाडे विक्रेत्याच्या हिशेबातही आलेले असते. आणि विकले गेले असेल तर तो आकडा काही दिवसांत सूची क्रमांक २ मध्ये दिसेल, पुढच्या घराच्या बोलणीत तो उपयोगी पडेल.

यासाठी यादीत कायम दुसरे आणि तिसरे घर असावे लागते. एकाच घरावर जीव जडला की बोलणी संपते, मग फक्त विनवणी उरते. घराला किती किंमत लावायची, हा विक्रेत्याचा हक्क आहे आणि त्यावर रुसण्याचे कारण नाही. ती आपल्याला परवडते का, हे ठरवण्याचा हक्क मात्र खरेदीदाराचा आहे. पुढची २० वर्षे, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, हप्ता त्याच्याच खात्यातून जाणार असतो.